सातवा रकाना

आत्याने बटण दाबलं. दिवा लागला नाही. नऊ वर्षं लागला नव्हता, तो आज कसा लागणार?

"अगं, अजून तार जोडायची आहे," तिचा मोजणीदार भाचा हसत म्हणाला.

"कळतंय रे मला. बोटाला सवय असू दे." तिने पुन्हा खटकन दाबलं. दाबून दाबून ते बटण पार ढिलं झालं होतं.

तळ्याकाठच्या या आठ घरांसाठी विजेचा पहिला अर्ज गेला, तेव्हाच तिने हौसेने बोर्ड बसवून घेतला होता. एक बटण, एक होल्डर, एक बल्ब. भाचा मोजणी खात्यात, मग काळजी कसली! आल्यागेल्याला ती सांगत सुटायची, "आमच्या बाळ्याची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. खोट्यावर उठायची नाही." तिला तो हक्क होता. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. रोज नाव वल्हवत तळ्यापलीकडे शाळेत सोडलं होतं. स्वतःला अक्षराचा गंध नाही, पण समोर बसून त्याच्याकडून पाटीवर नाव घोटून घेतलं होतं.

आता तळ्यापासून दोनशे मीटरच्या आत खांब रोवायचा म्हणजे परवानगी आली. आणि तिथे वस्ती असली की त्या परवानगीला सतरा फाटे फुटतात. मोजणीदाराने तीनदा प्रामाणिकपणे मोजणी केली, आठही घरं नकाशावर दाखवली. तीनदा फाइल परत आली. एकदा सांडपाण्याचा नकाशा नाही म्हणून, एकदा पाणपक्ष्यांचा दाखला जुना झाला म्हणून. तिसऱ्यांदा तर म्हणे शाई निळी आहे! आता बोला.

मग पलीकडच्या काठावर मोठं हॉटेल उभं राहिलं. त्यालाही वीज हवी होती, आणि तार याच काठावरून जाणार होती. मोजणीचं काम पुन्हा त्याच्याकडेच आलं. हेडक्लार्कने त्याला बाजूला घेतलं.

"अहवालाच्या सातव्या रकान्यात 'वस्ती नाही' लिहून टाका. एका सहीचं काम. एकदा तार दारावरून गेली की आठ घरांत ओढायला कितीसा वेळ लागतो?"

"पण साहेब, वस्ती आहे ना तिथे."

"तुम्हाला दिवा हवाय की रकाना भरायचाय?"

त्याला आत्याचा हात आठवला. डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, कंदील पेटवताना तिची तीन बोटं भाजली होती. त्याने दोन शब्द लिहिले. जन्मात पहिल्यांदा खोटं लिहिलं आणि खाली सही केली. अकराव्या दिवशी मंजुरी आली.

आज खांब उभे होते. तारा ताणल्या जात होत्या, अगदी आत्याच्या छपरावरून. तेवढ्यात तारा ओढणाऱ्यांचा मुकादम हातात कागदांचा गठ्ठा घेऊन अंगणात आला आणि मोजणीदाराला बघून त्याचा जीव भांड्यात पडला.

"साहेब, बरं झालं तुम्ही भेटलात! यांना जरा वाचून दाखवा. माझं कोणी ऐकायलाच तयार नाही."

मोजणीदाराने कागद उलगडला. ही वाहिनी उच्च दाबाची आहे, तिच्यावरून घरगुती जोडणी मिळणार नाही. मोजणी अहवालानुसार या पट्ट्यात वस्ती नाही. सबब वाहिनीखाली आढळलेली आठ बांधकामं नवीन आणि बेकायदा आहेत. पंधरा दिवसांत जागा मोकळी करावी.

"अहो, ही घरं चाळीस वर्षांची आहेत!" तो ओरडला.

"असतील की. मी नाही कुठे म्हणतो? पण कागदावर इथे गवत आहे, साहेब." मुकादम खांद्यावरची दोरी सारखी करत म्हणाला. "मोजणी करणाऱ्याला दिसली नाहीत, त्याला मी काय करू?"

मोजणीदाराने मागचं पान उलटलं. खाली सही होती. स्वच्छ, ठसठशीत, एकेक अक्षर वेगळं. पाटीवर घोटलेली. खरं सांगावं तर नोकरी जाणार, आणि घरं? ती पुन्हा सतरा दाखल्यांच्या रांगेत उभी राहणार, तोवर इथे काय उरलेलं असणार!

आत्या उंबऱ्यापाशी आली. "काय लिहिलंय रे एवढं? मोठ्याने वाच."

त्याने वाचलं. शेजारपाजारचे जमले होते, त्यांच्यासमोर सगळं वाचलं.

"इथे कोणी राहत नाही म्हणे!" आत्याच कडाडली. "चाळीस वर्षं काय भुतं नांदतायत इथे? कोण मेला असं लिहितो? सही कोणाची आहे बघ."

मोजणीदाराने कागदाची घडी घातली.

"माझी."

"कोणाची?"

"माझीच आहे, आत्या. तुझ्या दिव्यासाठी केली गं."

ती आत गेली. चाचपडत स्टूल ओढून होल्डरमधला बल्ब काढला, त्यावरची धूळ हाताने पुसली. बाहेर येऊन तो त्याच्या तळहातावर ठेवला आणि भाजलेल्या बोटांनी त्याची मूठ मिटली.

"तुझी सही आहे ना," ती म्हणाली, "मग मी इथे राहतच नसेन."