जयवंताच्या हातचं पाणी

"हात बुडवा, जयवंताबाई," शेषराव पाटील खाटेवरून म्हणाला. तिच्या नावाला बाई जोडण्याची त्याची ही पहिलीच वेळ. त्याच्या बायकोनं, बेबीताईनं, पाण्यानं भरलेला पितळी गडवा तिच्यापुढे धरला होता.

अकोल्याच्या दवाखान्यात दुपारची वेळ होती. पाटलाच्या हातापायांच्या काटक्या झाल्या होत्या आणि डाव्या बरगडीखाली पाणथरी, म्हणजे प्लीहा, इतकी फुगली होती की चादर तेवढीच वर आली होती. बेबीताईनं माणूस धाडून जयवंताला अमरावतीहून बोलावून घेतलं होतं. जयवंताला दया वगैरे काही आली नव्हती. तिला तो असा पाहायचा होता, आणि तिनं तो पोटभर पाहून घेतला.

छप्पन साली जयवंताच्या घरानं दीक्षा घेतली. त्याच हिवाळ्यात पाटलाची पोर तापानं गेली आणि जयवंतानं करणी केली असं पाटलानंच गावात उठवलं. चावडीपुढे त्यानंच कुऱ्हाडीच्या दांड्यानं तिचा डावा हात मोडला. तो वाकडाच जुळला. नवऱ्याला घेऊन तिनं गाव सोडलं.

आता हे दुखणंही तिनंच सूड म्हणून धाडलं, अशी पाटलाची खात्री होती. करणी जिची, तिनं हात बुडवलेलं पाणी प्यालं की करणी उतरते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ज्यानं तिला कधी विहिरीची पायरी चढू दिली नाही, तो आज तिच्या हातचं पाणी मागत होता.

"चुकलो मी. तुमची करणी मागं घ्या," असं म्हणत तो हात जोडून खाटेवरून तिच्या पायांकडे वाकला. तिनं त्याला वाकू दिलं.

येताना व्हरांड्यात तिला डॉक्टर भेटला होता. ती घरचीच असेल असं समजून त्यानं सगळं सांगितलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या आहेत. असल्या पेशीच्या आतला एक बारीक धागा तुटून आखूड झालेला असतो, असं अमेरिकेत नुकतंच सापडलंय. तो का तुटतो, कोणाला ठाऊक नाही. पेशीला मग थांबणंच माहीत नसतं. गोळ्यांनी पोट थोडं उतरेल, त्यापुढे इलाज नाही. आणि कोणी काही केलं म्हणून हे होत नाही, असं त्यानं दोनदा बजावलं.

जयवंतानं गडव्याकडे पाहिलं. हात बुडवला तर हा आशेवर जगेल. नाही म्हणून निघून गेली तर मरेपर्यंत तिला शिव्या घालेल, त्यातही त्याला आधारच. यातलं काहीच तिला त्याला द्यायचं नव्हतं. तिनं वाकडा हात पदराखाली घेतला.

"मी कायी केलं नाही, पाटील." ती सावकाश बोलली, एकेक शब्द त्याला कळावा म्हणून. "तवाबी नवतं केलं. करणी असती तं आज उतरवली असती. पन हे तुमचंच रक्त हाय. तेच तुमाले खाऊन राह्यलं. कोनी धाडलं नाही, अन् कोनाले वापस नेता येत नाही."

"केली म्हणा ना, बाई," पाटील म्हणाला. "एक डाव म्हणा."

"नाही केली."

बेबीताईनं गडवा खाली ठेवला. तिला समजलं होतं. पाटलाला समजायला जरा वेळ लागला. जोडलेले हात तसेच छातीशी धरून तो छताकडे पाहत राहिला.

"मंग आता मी कोनाचे पाय धरू?" त्यानं विचारलं.

जयवंताला बरं वाटलं. इतक्या वर्षांत इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं. परतीची मोटार संध्याकाळी होती. तिनं स्टूल ओढलं आणि त्याचं तोंड नीट दिसेल असं ती बसली.