डोळ्यांतलं औषध

"डोळ्यांत घातलेला थेंब घशात उतरतो. तिथून कुठं जातो, ते मी सांगायला हवं?" असं म्हणत कृष्णाबाईंनी दोन महिन्यांच्या नातवाला सुनेच्या मांडीवरून उचललंसुद्धा.

जयलक्ष्मीचे डोळे आले होते. डॉक्टरीणबाईंनी तपासून थेंब दिले होते आणि हे थेंब अंगावर पाजणाऱ्या बाईला चालतात, असं बजावून सांगितलं होतं. घातल्यावर नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा, ओघळ पुसायचा, हात धुवायचे आणि खुशाल पाजायचं. पण कृष्णाबाई पडल्या हुबळीतल्या नामांकित वकिलाची बायको. नवरा कायदा शिकला, वैद्यक यांना घरबसल्या आलं. दुधात विष उतरलंय, असा निकाल त्यांनी देऊन टाकला. अपिलाची सोय नव्हती. जयलक्ष्मीचा नवरा प्रभंजन शाळेत विज्ञान शिकवायचा. घरी आला की सदऱ्याबरोबर तेही खुंटीला टांगायचा.

दाजीबानपेठेतून पावडरीचा डबा आला. बाळ एक घोट घ्यायचं, तीन बाहेर काढायचं. त्याचं पोट फुगलं. तीन दिवस ते रडलं आणि इकडं जयलक्ष्मीची छाती दगडासारखी झाली. मोरीत उभं राहून दूध पिळून टाकताना तिचा जीव तुटायचा. सून रडते कशाला, असं शेजारच्या अक्कांनी विचारलं, तर कृष्णाबाईंनी कानडीतून सांगितलं, डोळे आलेत, पाणी येणारच.

चौथ्या दिवशी सासऱ्यांचे, म्हणजे विठ्ठलरावांचे डोळे लालबुंद झाले. दुपारी कोर्टात मोठा खटला, आणि बाईमाणसाकडून डोळे तपासून घेणं वकीलसाहेबांना कमीपणाचं. कृष्णाबाई चांदीची वाटी घेऊन सुनेच्या खोलीत आल्या. आलेल्या डोळ्यांना बाळंतिणीचं दूध, हा इलाज त्यांच्या सासूपासून चालत आलेला.

"यात थोडं काढून दे गं. ह्यांच्या डोळ्यांत घालायचंय."

"पण आत्याबाई, त्यात विष आहे ना?"

"अगं, दोन थेंबांनी काय होतंय?"

बोलून गेल्या, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. जयलक्ष्मी उठली. तिनं पाळण्यातलं बाळ उचललं, पदराआड घेतलं. तीन दिवस उपाशी असलेलं पोर हपापून लुचायला लागलं. बाहेरून वकीलसाहेबांनी दोनदा हाक मारली. कृष्णाबाई वाटी धरून तशाच उभ्या.

"बाळाचं होऊ दे," जयलक्ष्मी म्हणाली. "उरलं तर मामंजींना."