पत्र्यांनंतरची वाट

काठी पत्र्यावर टकटक वाजवत हेमलता शाळेत शिकवायला निघाली होती. मेट्रोच्या कामाभोवती उभारलेल्या त्या पत्र्यांना सारा रस्ता चार वर्षे नावे ठेवत होता. अंध हेमलता मात्र त्यांच्याच आधाराने एकटी जात-येत असे. आज वळणावर पत्रा संपला आणि काठी हवेतच फिरली.

“थांबा, ताई. उद्या मेट्रो सुरू होतेय, म्हणून पत्रे काढतोय,” रोज भेटणारे मुकादम ढोबळे म्हणाले.

“म्हणजे उद्यापासून मला कुणाचा तरी हात धरून यायचं.”

“कशाला? तुमच्यासाठीच पदपथावर उंचवट्यांच्या फरश्या बसवल्यात, थेट शाळेपर्यंत.”

चपला हातात घेऊन ती फरश्यांवरून चालू लागली. विसाव्या पावलाला काठी खणकन वाजली. तिने चाचपून पाहिले.

“तुमची वाट विजेच्या खांबात शिरते, ढोबळे.”

ढोबळे ओशाळले. “डोळे असून दिसलं नाही बघा. शेवटपर्यंत चालून दाखवता? काठी अडेल तिथं खडूनं खूण करतो.”

शाळेच्या फाटकापर्यंत चार खांबांवर चार खुणा झाल्या.

“दोन दिवसांत फरश्या वळवून घेतो,” ढोबळे म्हणाले. “तोवर या बाजूचे उरलेले पत्रे राहू देत?”

“नको, काढा,” हेमलता म्हणाली. “चारही खांब मला पाठ झालेत.”