आबांची दाढ

कट्! कॉलेजच्या लॅबमधल्या दाब देणाऱ्या मशीनखाली चौथी चकतीही मोडली.

करुणानं तुकडे उचलून बघितले. दातात भरायच्या कॉम्पोझिटच्या या चकत्या तिनंच बनवल्या होत्या. काही कॉम्पोझिट कडक करणाऱ्या निळ्या लाइटखाली वीस सेकंद धरलेल्या, काही फक्त दहा. वीसवाल्या मशीनचा दाब सोसत होत्या. दहावाल्या वरून चकचकीत, टणक. खालून मात्र नखानं ओरखडा उठेल इतक्या कच्च्या. पटापटा मोडत होत्या. प्रबंधासाठी निकाल झकास होता, पण तिला आनंद कुठला व्हायला!

कारण नवी नवी डॉक्टर झाली तेव्हा ओपीडीत तिनं हेच केलं होतं. लाइट दर दहा सेकंदांनी बीप करायचा. दुसऱ्या बीपपर्यंत थांबायचं असतं, हे काय तिला माहीत नव्हतं? पण बाहेर ही रांग, खुर्चीत तोंड उघडं ठेवून वैतागलेला पेशंट, आणि मागून सिनियरांचं 'आटप गं'. ती पहिल्याच बीपला हात काढायची. जवळच्या छावणी भागातले, लांब सोयगावहून एसटीनं आलेले, कितीतरी लोक तिचं ते अर्धकच्चं काम तोंडात घेऊन फिरत असतील.

"त्या सगळ्यांना परत बोलवायला पाहिजे," ती म्हणाली. तिला बसवत नव्हतं, उभंही राहवत नव्हतं.

"येड लागलं का तुला?" तिच्याच वर्गातली मंजुषा तिच्यावर डाफरली. "बोलवून काय सांगणार? मी घाई केली म्हणून? सर सोडतील का तुला? तक्रार घेऊन कुणी आलंय का? नाय ना? मग गप बस ना यार."

करुणाला गप बसवेना. त्या रांगेत सगळ्यात पुढं तिचे वडील, आबाच होते; त्यांच्याही दाढेला तिनं दहाच सेकंद लाइट दिला होता. एकाएकी तिच्या मनानं घेतलं: आबांची दाढ शाबूत असली, तर बाकीच्यांच्याही असतील. मग कुणाला बोलवायला नको. तिनं लगेच फोन लावला.

बन्सीआबा वाळूजच्या कंपनीतून पाळी सुटल्या सुटल्या आले. अंगावर कंपनीचाच शर्ट होता.

"काय झालं माय? जीव घाबरा केला की माझा."

"काही नाही आबा. बसा. आ करा."

तिनं आरसा आत घातला. आणि बघते तर काय! उजवीकडची दाढ जशीच्या तशी. तिनं कोरलेल्या बारीक खाचासुद्धा शाबूत. तीन वर्षं झाली, कुठं चीर नाही, टवका नाही. करुणाला रडूच आलं.

मंजुषाही डोकावली. "बघ! म्हणत होते ना मी? मशीनचं काय घेऊन बसलीस? चहा पाज आता."

करुणा सकाळपासून पहिल्यांदा हसली. कुणाला फोन करायला नको, सरांपुढं मान खाली घालायला नको. सुटले बाई! आता फक्त चावा, म्हणजे दात एकमेकांवर कसे बसतात ते, बघायचं राहिलं होतं. तिनं निळ्या कागदाची पट्टी दाढेवर ठेवली.

"आबा, चावा."

आबांनी जबडा हळूच डावीकडं सरकवला.

"तिकडं नाही हो. उजवीकडं. जोरात."

आबांनी पट्टी हातानं बाहेर काढली. "ते सोडून काय बी सांग, माय."

"का? दुखतंय?"

"दुखंल कशाला?" आबा लाजल्यासारखे हसले. "भाकर असू दे नायतर पेरू, तीन वर्षं झाली, सगळं डाव्या अंगानंच चावतोय. डॉक्टर झालेल्या पोरीच्या हातचं पहिलं काम हाय ते. झिजवायचं व्हय?"