गप्प बसायचा तास

"इंजेक्शननंतर ही बोलली होती का?" डॉक्टरांनी पडद्यावरच्या चित्रात घशापाशी पेन टेकवत विचारलं. तिथे पिवळा ठिपका निखाऱ्यासारखा पेटला होता.

आईने नणंदेकडे पाहिलं. काल स्कॅनआधी आत तीच बसली होती. आईला सातवा महिना, किरणोत्सारी औषध टोचलेल्या लेकीजवळ थांबायची सक्त मनाई. नणंदबाई मात्र लगेच पुढे सरसावल्या. भाचीच्या आजारात मिरवायची एक संधी सोडतील तर शपथ! नर्सने बजावलं होतं, स्कॅन होईपर्यंत पोरीने हूं की चूं करायचं नाही. जो स्नायू राबतो तोही चित्रात आजारासारखाच उजळतो. त्यावर बाईंनी 'मला काय शिकवता' अशी मान उडवली होती.

"छे हो," नणंद आता साळसूदपणे म्हणाली. "मी होते ना जवळ. तोंडातून एक शब्द नाही."

डॉक्टर गंभीर झाले. रोगाशी लढायच्या पेशीच उलटून पोरीची हाडं पोखरत होत्या, ती हाडं उपचारांनंतर आता स्वच्छ दिसत होती. पण बोललीच नसेल, तर घशात आजार शिरला असावा, म्हणाले. उद्याच भूल देऊन तिथला तुकडा तपासायला काढू.

आईने लेकीला विचारलं, तर ती आत्याकडे बघून ओठ घट्ट मिटून बसली. नणंदेने डोळ्यांना रुमाल लावला. काय ती माया! रुमाल कोरडाच होता.

तेवढ्यात आईचा फोन थरथरला. घरच्या ग्रुपवर धाकट्या दिराने लिहिलं होतं, काय गोड म्हणते गं कविता! कालपासून जिवाला घोर, तिने ग्रुप उघडलाच नव्हता. वर 'आमची वाघीण' म्हणून नणंदेने व्हिडिओ टाकला होता. आईने तो लावला आणि फोन डॉक्टरांसमोर धरला.

खाटेवर लेक, हाताला सुईची पट्टी. घाबरत, जेमतेम पुटपुटत कविता म्हणत होती. आणि कॅमेऱ्यामागून आत्याचा खणखणीत आवाज: "अगं, मोठ्याने म्हण! एवढ्या हळू कुणाला ऐकू जाणार?"

डॉक्टरांनी पेन खिशात टाकलं. नणंदेने फोनकडे हात पुढे केला.

"ऐकू गेलं, वन्सं," आई म्हणाली आणि तिने आवाज आणखी वाढवला.