बघायला पैसे पडत नाहीत

बेल वाजली तेव्हा एजंटाच्या तोंडात टूथब्रश होता. शनिवार! आणि हा बाबा साफ विसरलेला. त्याने घाईघाईने चूळ भरली, चादर-उशी गुंडाळून माळ्यावर भिरकावली, केसांवरून ओला हात फिरवला आणि आत्ताच ऑफिसातून येऊन पोचल्यासारखा चेहरा करून दार उघडलं.

दारात आजी उभ्या होत्या. हातात नेहमीची कापडी पिशवी.

"या, या आजी! घर तुमचीच वाट बघत होतं."

"सगळ्या गिऱ्हाइकांना असंच सांगत असाल."

"गिऱ्हाइकं आहेत कुठे? मंदी आहे. सध्या तुम्ही म्हणजेच माझा बाजार."

आजी हसल्या. दाराआड चपला काढून त्यांनी पॅसेजमधला दिवा लावला आणि सरळ स्वयंपाकघर गाठलं. ओट्यावरून हात फिरवला. मग खिडकी बंद करायला गेल्या, तर ती अडली. आजींनी खांदा लावून तिला एक धक्का दिला, बसली बरोबर. एजंट रोज रात्री त्या खिडकीशी कुस्ती खेळायचा, पण हे त्याला सुचलं नव्हतं.

"आज पातेलं आणलंय," आजी म्हणाल्या. "या ओट्यावर कसं दिसतं ते बघायचंय."

गेल्या खेपेला त्यांनी पडदा आणला होता, उजेड कसा पडतो ते बघायला. त्याआधी रजई. "पुढच्या वेळी नेते हं," म्हणायच्या आणि हटकून विसरून जायच्या. म्हातारीला घर-घर खेळायचा नाद आहे, एजंटाने मनाशी ठरवून टाकलं होतं. किंमत किती, हे त्यांनी कधी विचारलंच नाही. विचारणार कशाला, घ्यायचं थोडंच होतं?

आणि तो तरी कुठल्या तोंडाने त्यांना हसणार? ऑफिसातली टेबलं एकेक करून रिकामी झाली. उरले साहेब आणि तो. पगार बंद. घर विकलं गेलं तर कमिशन, नाहीतर हरी हरी. राहती खोली सोडावी लागली त्या रात्री या घराची किल्ली खिशात होती. फक्त आजची रात्र, म्हणत तो इथे शिरला तो आजतागायत. घराची मूळ पार्टी, म्हणजे मालक कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो व्यवहार साहेबांचा.

"मंदीत लोक मोठ्या घरातून लहान घरात जातात, मी बघ उलटा गेलो!" असं तो फोनवर बहिणीला म्हणाला होता. बहीण आनंदली. "मग आम्हाला बोलव की!" त्याने रेंज नाही म्हणत फोन ठेवून दिला. विनोद चांगला होता, पण त्यामागचं खरं सांगायला कुणीच नव्हतं. तीन खोल्या आणि एकटा जीव. फरशीवर पडल्या पडल्या तो स्वतःशीच बडबडायचा, की खिसा रिकामा असला की चोरांची भीती नाही, झोप कशी गाढ लागते. झोप मात्र लागायची नाही.

आजी ओट्यावर पातेलं मांडत होत्या, तेवढ्यात बेल वाजली. नवराबायको होती, तरुण. साहेबांनी न कळवता पाठवलेली. बघता बघता दोघांना घर आवडलं. विकलं गेलं तर एजंटाला कमिशन, पण मग रात्री पाठ कुठे टेकायची?

"घर छान आहे हो," आजी मधेच म्हणाल्या. "पावसात ही भिंत तेवढी गळते. गादीच उचलून फिरावं लागतं."

नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं. 'कळवतो' म्हणून गेली ती गेलीच.

"आजी, हे काय केलंत!" एजंटाला राग आला, आणि सुटल्यासारखंही वाटलं. "खरं सांगा, घेणार आहात का तुम्ही हे घर?"

"मी? छे हो! मी कशाला विकत घेऊ?" आजी त्याच्याकडे बघत राहिल्या. "बघायला काही पैसे पडतात का?"

नाही म्हणाला तो. पुन्हा येऊ नका, असं बजावणार होता, पण आठवडाभरात त्याच्याशी समोरासमोर बोलणारं हे एकच माणूस. तेही तोडायचं?

"पुढच्या शनिवारी या," तो म्हणाला.

शुक्रवारी साहेबांचा फोन आला. "तुझं नशीबच फुटकं! पार्टीने घर विक्रीतून काढून घेतलं. उद्या सकाळी पार्टी स्वतः येणार आहे, किल्ली देऊन टाक. आणि सोमवारपासून ऑफिसला येऊ नकोस, मी पण शटर ओढतोय."

शनिवारी एजंटाने फरशी पुसली. कपडे बॅगेत भरले. पडदा काढला, रजईची घडी केली, वर पातेलं ठेवलं. आजींचा पत्ता त्याने कधी विचारलाच नव्हता. पार्टी लवकर येऊन जाऊ दे, एवढंच तो घोकत होता. नाहीतर म्हातारी नेमकी पार्टीसमोर येऊन उभी राहायची, आणि या सामानाचं काय सांगायचं? किल्ली दिली की फाटकाशी उभं राहायचं, आजींना गाठायचं, त्यांचं त्यांना परत करायचं. येतो म्हणायचं. कुठे जातोय, ते मात्र सांगता आलं नसतं.

आज बेल वाजली नाही. बाहेरून कुलपात किल्ली फिरली. एजंट ताठ उभा राहिला आणि चेहऱ्यावर हसू आणलं.

आजींनी दाराआड चपला काढल्या, किल्ली पर्समध्ये टाकली आणि जमिनीवरचा ढीग बघून कपाळाला हात लावला.

"आवराआवर कसली केलीस ही? तो पडदा लाव बघू परत. आणि आधी खाली जा, टेम्पोवाल्याला एकट्याला गादी वर आणता येणार नाही."