मागच्या भिंतीतलं दार

"हे मागचं दार काढा," शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष नकाशा बघून म्हणाले. "त्या भिंतीवर रेवतीचा मोठा फोटो लावू. नव्या प्रयोगशाळेला नावही तिचंच देऊ."

गेल्या वर्षी जुन्या प्रयोगशाळेत स्पिरिटचा भडका उडाला, तोही एकुलत्या एका दाराजवळच. पुढची मुलं कशीबशी बाहेर पळाली. मागच्या बाकावरची रेवती आतच राहिली.

"दुसरं दार नसेल तर या नकाशावर मी सही करणार नाही," आर्किटेक्ट मृण्मयी म्हणाली.

"मग रेवतीच्या आईलाच विचारू." अध्यक्ष इंदूताईंकडे वळले. त्यांना मानानं बोलावून खुर्चीवर बसवलं होतं. "ताई, लेकीची आठवण राहायला हवी की नको?"

इंदूताईंनी नकाशावर बोट ठेवलं. "ही मागची भिंत ना? तीच, जुनी?"

मृण्मयीनं मान डोलावली.

"मग फोटो नको, साहेब. माझी पोर या भिंतीशीच सापडली. दोन्ही हात भिंतीवरच होते तिचे, चाचपत असल्यासारखे. तिथं दारच करा."

दार झालं. उद्घाटनाला इंदूताई आल्या नाहीत.